आसरेची वाटी

हं, आता सगळ्यांनी पाय पांघरुणात घ्या. केदार, पंखा एकवर कर आणि ये. ठमी, तू माझ्या या अंगाला. मुक्ता, तू रुसलेली आहेस ते मला दिसतंय. रुसून झोपलं तरी चालतं, पण गोष्ट ऐकताना तोंड इकडे पाहिजे.

आज संध्याकाळी काय झालं, आठवतंय ना? खालच्या देसाईकाकूंनी वाटीभर खरवस पाठवला. तुम्ही तिघांनी तो चाटूनपुसून खाल्ला. मला एक चमचा ठेवलात, त्यातलाही अर्धा केदारनं नेला. मग मी वाटी घासून मुक्ताच्या हातात दिली. ती अर्धा जिना उतरली आणि मला आठवलं, म्हणून तिला हाक मारून परत बोलावलं आणि वाटीत चमचाभर साखर घातली. तर ही म्हणते कशी, "आजी, त्यांच्याकडे साखर नाहीये का?" तुम्ही हसलात. मग ही रुसली. हसण्यासारखं काही नव्हतं, तिनं बरोबर विचारलं होतं. वाटी रिकामी का द्यायची नाही, हे मी कधी सांगितलंच नाही तुम्हाला.

तर ऐका आता.

एक होतं तळं. आज राजा नाही आणि राणीही नाही, आज तळंच मोठं. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या कडेला हे तळं. गावाचं नाव विचारू नका. मला माझ्या आत्यानं ही गोष्ट सांगितली तेव्हा मीही विचारलं होतं. आत्या म्हणाली, "नाव घेऊन काय करशील, एसटीनं जाणार आहेस का?" म्हणून मला ते माहीत नाही.

त्या तळ्यात एक आसरा राहायची. आसरा म्हणजे पाण्यात राहणारी बाई. भूत नाही रे केदार, सरक तिकडे. ती कुणाला कधी दिसायची नाही. पण साऱ्या गावाला ती भांडी द्यायची.

म्हणजे कसं, बरं का. त्या काळी घरात भांडी किती असणार? दोन तवल्या, एक तवा, एक परात. लग्न निघालं की दोनशे माणसांचा भात शिजवायचा कशात? मग घरातली मोठी बाई तळ्यावर जायची. तिथे एक चपटा दगड होता. दगडाला हळदकुंकू लावायची, सुपारी ठेवायची आणि म्हणायची, "आसराबाई, घरात लग्न आहे, भांडी दे." आणि मागे न बघता घरी यायची.

सकाळी जाऊन बघावं, तर दगडापासून पायवाटेपर्यंत भांडीच भांडी. मोठे हंडे, पातेली, पराती, जिलबीची कढई, झारे, ओगराळी. सगळी पितळेची, लखलखीत. आणि सगळ्यांत वर एक लहानशी रिकामी वाटी.

लग्न पार पडलं की भांडी राखेनं आणि चिंचेनं घासायची आणि त्याच दगडापाशी नेऊन ठेवायची. मग ती आपली आपण पाण्यात जायची. आधी हंडे, मग पातेली, आणि शेवटी वाटी. पण ती वाटी रिकामी ठेवायची नाही, एवढी एकच अट होती. लग्नात जे गोड केलं असेल ते तिच्यात घालायचं. जिलबी घाला, लाडू घाला, काहीच उरलं नसेल तर गुळाचा खडा घाला. गावातल्या बायकांना याचं काही वाटायचं नाही, कारण त्यांच्यात रीतच होती तशी. शेजारणीची वाटी आली की जाताना तिच्यातून काहीतरी जायचंच. कुणाची लसणाची चटणी, कुणाची कढीपत्त्याची चार पानं. आणि आसरा म्हणजे तरी कोण, तळ्यातली शेजारीणच.

आता त्या गावात एक बाई होती. तिचं नाव भागू. नवरा वारलेला. येसू नावाची एकच मुलगी. एक बकरी, दोन खोल्या, दारात एक शेवग्याचं झाड. बाई कामाला वाघीण. मनानंही वाईट नव्हती, बरं का. पण तिला एक खोड होती. तिला काय काय मिळालं नाही, ते सगळं पाठ होतं.

लहानपणी थोरल्या बहिणीला लाल परकर आला आणि हिला हिरवा, हे तिला चाळिशीतही आठवायचं. पाऊस आला की म्हणायची, चिखल झाला. नाही आला की म्हणायची, धूळ झाली. शेवग्याला शेंगा लागल्या तर म्हणायची, लागल्या पण उंच लागल्या. तुमच्यापैकी कुणाला असं बोलायची सवय आहे, ते मी काही म्हणत नाही. मी फक्त गोष्ट सांगतेय.

तर एकदा काय झालं, भागूच्या पुतणीचं लग्न निघालं. मोठं लग्न. आसरेनं भांडी दिली. कढईभर जिलब्या झाल्या. भागू पहाटेपासून राबत होती, पाणी भर, तांदूळ धू, पत्रावळी मांड. पंगतीवर पंगती उठल्या. शेवटी ही जेवायला बसली, तर भात होता, वरण होतं आणि जिलबी संपलेली. मग सगळे जण नवरीला निरोप द्यायला वेशीपर्यंत गेले आणि घासायच्या भांड्यांच्या ढिगापाशी राहिली एकटी भागू.

निघता निघता तिची शेजारीण गजराबाई दारातून काहीतरी म्हणाली. पण भागू रागारागानं हंडा घासत होती. खरडखरड, खरडखरड. गजराबाई काय म्हणाली ते तिला ऐकूच आलं नाही. तुम्हालाही मी आत्ता सांगत नाही.

मग भागूनं भांडी बैलगाडीत घालून तळ्यावर नेली आणि दगडापाशी मांडली. सगळ्यांत वर वाटी ठेवली. आता वाटीत काय घालायचं? घरात गुळाचा खडा होता. तेवढं तिला जमलं असतं. पण ती म्हणाली, "मला कुणी काय दिलंय, म्हणून मी देऊ? सगळ्या गावानं जिलब्या खाल्ल्या, मला तुकडासुद्धा नाही मिळाला." आणि तिनं वाटी रिकामी ठेवली. भांडी पाण्यात गेली. हंडे गेले, पातेली गेली. वाटी जराशी थांबली. मग तीही गेली.

भागू घरी आली. कुणाला काही बोलली नाही. चार दिवसांनी तिच्या चुलीजवळच्या कोनाड्यात मुंग्यांची ही रांग. बघते तर कोनाड्यात पळसाच्या पानाची एक वाळकी पुडी. तिनं ती मुंग्यांसकट उचलून परसात भिरकावली. म्हणाली, "मेल्या मुंग्यापण माझ्याच घरात."

पुढच्या महिन्यात गावात दुसरं लग्न आलं. त्या घरची म्हातारी तळ्यावर गेली. हळदकुंकू, सुपारी, सगळं केलं. सकाळी जाऊन बघते तर दगड कोरडा. एक झारासुद्धा नाही. मग तिसरं लग्न आलं. तेव्हाही दगड कोरडाच.

मग काय करणार? दहा घरी दहा चुलींवर थोडा थोडा भात शिजवला. कुणाचा करपला, कुणाचा कच्चा राहिला. पाव्हणे अर्धपोटी उठले आणि चार गावांत बोभाटा झाला. मग गावातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. आसरा का रागावली? कुणीतरी तिचं भांडं दाबलं असणार. कुणी दाबलं? पुतणीच्या लग्नात वरण कोण वाढत होतं? गजराबाई. ओगराळं कुणाच्या हातात होतं? गजराबाईच्या. झालं. सगळं गाव म्हणायला लागलं, गजराबाईनं ओगराळं ठेवून घेतलं.

गजराबाईनं घर उघडून दाखवलं, शपथा घेतल्या. कुणी ऐकलं नाही. विहिरीवर तिच्या शेजारी कुणी घागर टेकेना. तिच्याकडून वाटी येईना, तिच्याकडे वाटी जाईना. मग हळूहळू बाकीच्यांच्या वाट्यांची ये-जाही थांबली, कारण एकदा संशय शिरला की कुणाचंच खरं वाटत नाही. आणि भागू हे सगळं बघत होती. तिला एकटीला ठाऊक होतं. रोज सकाळी म्हणायची, आज सांगेन. आणि रोज गप्प बसायची. आता हे मात्र वाईटच केलं तिनं.

झोपली का ठमी? नाही? बरं.

मग एक दिवस येसूचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडच्या गावचा, देखणा, कष्टाळू. येसूला तो फार आवडला होता. पण मुलाची आत्या म्हणाली, "तुमच्या गावात पाव्हणे उपाशी उठतात असं ऐकलंय. आमची दोनशे माणसं येणार. पोटभर जेवण मिळणार असेल तर आठ दिवसांनी वऱ्हाड आणतो, नाहीतर सोयरीक दुसरीकडे बघतो." येसू आईजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, आपल्याला तरी भांडी मिळतील ना गं?"

भागू उठली आणि तडक तळ्यावर गेली. दगडापाशी उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "आसराबाई, चुकले मी."

पाणी हललं. तळ्याच्या मधून ती लहान वाटी वर आली आणि तरंगत तरंगत भागूच्या पायाशी येऊन थांबली. रिकामीच. आणि पाण्यातून आवाज आला, "माझी वाटी भरून आण."

भागू पळत घरी गेली. वाटीत साखर भरली, शिगोशीग. पळत आली, वाटी पाण्यावर ठेवली. आता बुडेल, मग बुडेल. वाटी काही बुडेना. फिरून तिच्या पायाशी आली.

भागू म्हणाली, आसरेला साखरेचं काय कौतुक. दुसऱ्या दिवशी तिनं पेटी उघडली. नवऱ्यानं केलेले सोन्याचे चार मणी होते, तिच्या घरातलं तेवढंच सोनं. ते वाटीत घातले. वाटी पाण्यावर ठेवली. वाटी पानासारखी हलकी तरंगत राहिली आणि फिरून पायाशी आली.

भागूला रडू फुटलं. ती म्हणाली, "बाई, आता आणखी काय देऊ? माझ्याकडे काही नाही."

आसरा म्हणाली, "तू काय देणार, ते मी विचारलंच नाही. तुला काय मिळालं नाही, ते तू मागच्या खेपेला सांगून गेलीस. काय मिळालं, ते सांगायचं राहिलं."

भागू म्हणाली, "मला काही मिळालंच नाही."

"मग वाटी घेऊन जा," आसरा म्हणाली. "मिळालं की आण."

भागूनं मणी पदरात बांधले, वाटी कमरेला खोचली आणि निघाली. ऊन तापलं होतं. घसा कोरडा पडला होता. वाटेत पहिलंच घर गजराबाईचं. भागूला तिच्या दारावरून जायची लाज वाटत होती, म्हणून ती खाली मान घालून चालली होती. पण गजराबाईनं तिला पाहिलं. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून तिच्या पुढे केला. भागू गटागटा प्यायली. तिच्या तोंडून निघून गेलं, "गजराबाईनं पाणी दिलं."

टप्प. वाटीत एक थेंब पडला. भागूनं वर पाहिलं, ढग नव्हता. वाटीत पाहिलं, तळाशी पाण्याचा टपोरा थेंब. ती सवयीनं म्हणाली, "दिलं, पण कोमट होतं." लगेच थेंब आटला. वाटी कोरडी ठणठणीत.

भागू तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "गजराबाईनं पाणी दिलं. गूळही दिला." टप्प, टप्प. दोन थेंब.

मग भागूला कळलं काय करायचं ते. पण कळलं म्हणून जमतं का? तुम्ही करून बघा एक दिवस. घरी आली तर येसूनं अंगण झाडून ठेवलं होतं. भागू म्हणणार होती की कोपरे राहिले. तिनं जीभ चावली आणि म्हणाली, "येसूनं अंगण झाडलं." टप्प. बकरीनं लाथ न मारता दूध दिलं. टप्प. भाकरी टम्म फुगली. टप्प. शेवग्याच्या सावलीत घटकाभर पाठ टेकता आली. टप्प. दिवस मावळेपर्यंत वाटीत बोटाच्या पेरभर पाणी झालं. आणि ते सांडत नव्हतं, बरं का, कमरेला खोचलेली वाटी कितीही हलली तरी.

दुसऱ्या दिवशी ती जात्यावर बसली. दळता दळता तिला मागचं आठवायला लागलं. आजवर मागचं आठवलं की हिरवा परकर आठवायचा. आज वेगळंच आठवलं. तिला तिचा नवरा आठवला. जेवायला बसला की भाकरीचा वरचा पापुद्रा तो अलगद काढायचा आणि हिच्या ताटात ठेवायचा. रोज. कधी बोलून दाखवलं नाही. तो असेपर्यंत तिनं एकदाही स्वतःच्या हातानं पापुद्रा काढून खाल्ला नव्हता, आणि हे तिच्या आज ध्यानात आलं. जातं थांबवून ती बसून राहिली.

मग तिला सासू आठवली. सासू फार तिखट जिभेची होती. पण येसूच्या वेळी भागूची कंबर धरली, तेव्हा त्याच सासूनं वीट तापवून फडक्यात गुंडाळून तिच्या पाठीशी लावली होती, आणि गार झाली की पुन्हा तापवली होती, किती वेळा कुणास ठाऊक. मग तिला आई आठवली. हिरव्या परकराला आईनं खाली दोन दुमडी घालून ठेवल्या होत्या, म्हणजे पोर वाढली की सोडून लांब करता येईल. लाल परकराला एकच होती. तो पुढच्या वर्षी आखूड झाला आणि बहीण रडत बसली. हिचा हिरवा चार वर्षं पुरला.

हे आठवलं तेव्हा भागू जात्यापाशी एकटीच हसली. वाटी अर्ध्याच्या वर भरली होती.

तिसऱ्या दिवशी काही आठवायचं राहिलं नाही. दुखणं आलं तेव्हा पेज आणून देणारी मावशी, पुरातून बकरी काढून देणारा माणूस, सगळ्यांची नावं घेऊन झाली. वाटी काठोकाठ येत आली, आणि एक बोटभर कमी राहिली. पुढचे दोन दिवस भागू जे म्हणेल त्यानं थेंबही वाढेना. वारा आला म्हणाली, झोप लागली म्हणाली. काही नाही. लग्नाला उरले तीन दिवस.

तेव्हा भागूच्या लक्षात आलं, की एक गोष्ट तिनं चोरून ठेवलीय. गजराबाईनं पाणी दिलं एवढंच म्हटलं होतं, पण कोणत्या गजराबाईनं? जिच्यावर आपल्यामुळे आळ आला, तिनं दिलं.

सकाळी ती विहिरीवर गेली. गावातल्या सगळ्या बाया तिथे होत्या, आणि लांब एका कडेला गजराबाई. आता मी बोलले तर गाव मला वाळीत टाकील, येसूचं लग्न मोडेल, असं भागूला वाटत होतं. तरी ती बोलली.

ती म्हणाली, "बायांनो, गजराबाईनं ओगराळं घेतलं नाही. आसरेची वाटी मी रिकामी दिली. मला जिलबी मिळाली नाही, या रागानं दिली. आणि इतके दिवस मी गप्प बसले."

रहाट थांबला. एक म्हातारी म्हणाली, "अगं भागू, आमच्या नातवाच्या लग्नात पाव्हणे उपाशी गेले गं." भागूनं मान खाली घातली.

मग गजराबाई पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागावली होती, रागावणारच की. ती म्हणाली, "माझ्या दारात महिनोन् महिने कुणी वाटी आणली नाही, भागू. तू शेजारी राहून बघत होतीस. हे मी विसरायची नाही." मग म्हणाली, "पण जिलबी मिळाली नाही असं का म्हणतेस? पंगतीत जिलब्या संपत आल्या, तेव्हा दोन मी तुझ्यासाठी पळसाच्या पानात बांधून काढल्या. तुझ्या चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवल्या. निघताना दारातून ओरडून सांगितलं तुला, कोनाड्यात बघ म्हणून."

भागू मटकन विहिरीच्या काठावर बसली. तिला ती वाळकी पुडी आठवली, मुंग्यांची रांग आठवली. तिच्या वाटणीच्या दोन जिलब्या तिच्याच घरात, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होत्या. त्यासाठी तिनं आख्ख्या गावाची भांडी घालवली होती. ती गजराबाईचे पाय धरायला वाकली. गजराबाईनं धरू दिले नाहीत, पण तिचा हात धरून तिला उठवलं. भागू म्हणाली, "मला मिळालं होतं गं. मला मिळालं होतं." आणि कमरेची वाटी काठोकाठ भरली आणि तिच्या लुगड्यावरून पाणी सांडायला लागलं.

मग ती एकटी तळ्यावर गेली नाही. साऱ्या बाया गेल्या. गजराबाई सगळ्यांत पुढे. भागूनं वाटी पाण्यावर ठेवली. वाटी जराही तरंगली नाही, सरळ खाली गेली. भागूनं दगडाला हळदकुंकू लावलं, सुपारी ठेवली, आणि म्हणाली, "आसराबाई, घरात लग्न आहे." भांडी दे असं म्हणायला तिला तोंड नव्हतं, म्हणून ते म्हणालीच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती तळ्याकडे निघाली. सोबत गजराबाई होती. वळणावर भागू थांबली. म्हणाली, "तू बघ आधी. माझा धीर होत नाही." गजराबाई पुढे गेली आणि नुसतीच उभी राहिली. मग भागू गेली. दगडापासून पायवाटेपर्यंत हंडे, पातेली, पराती, कढई, झारे, ओगराळी. ओगराळी तर मोजून बघितली गजराबाईनं, सगळी होती.

आणि सगळ्यांत वर वाटी. पण ही वाटी आजवर कायम रिकामी यायची ना? आज रिकामी नव्हती. आज तिच्यात पळसाच्या पानाची हिरवी पुडी होती. भागूनं ती सोडली. आत दोन जिलब्या. गरम, पाक ओघळणाऱ्या. आणि एका जिलबीवर एक मुंगी.

भागूनं ओळखायचं ते ओळखलं. भरून दिलेली वाटी आसरेनंही रिकामी पाठवली नव्हती. भागू हसली आणि रडलीही. एक जिलबी तिनं गजराबाईला दिली. मुंगीला तिनं बोटावर घेऊन गवतावर सोडलं. आणि मग पाण्यात पाय सोडून दोघींनी तिथेच बसून जिलब्या खाल्ल्या, हातांना पाक लागेपर्यंत.

मग येसूचं लग्न झालं. दोनशे माणसं जेवली, वर शंभर जास्तीची जेवली. मुलाच्या आत्यानं तीनदा भात मागून घेतला. या वेळी जिलबी उरली, आणि वाटीत घालायला भागूनं सगळ्यांत मोठी निवडली. गावात वाट्यांची ये-जा सुरू झाली. गजराबाईकडे तर त्या आठवड्यात इतक्या वाट्या आल्या, की त्या ठेवायला तिला जागा पुरेना. भागूची कुरकुर गेली का? सगळी नाही गेली. शेवग्याच्या शेंगा उंच लागतात असं ती शेवटपर्यंत म्हणायची. पण त्याच्यापुढे म्हणायची, "लागतात मात्र भरपूर." येसू सुखी झाली, भागू सुखी झाली, गजराबाई सुखी झाली, आणि ती मुंगीसुद्धा.

आता तळं कुठे आहे, ते मला विचारू नका. आता लग्नाला केटरर येतात, टेम्पोतून भांडी आणतात. पण वाटीची रीत राहिली. देसाईकाकूंकडे साखर आहे, मुक्ता. डबाभर आहे. आपण साखर देत नाही गं. तुमचा खरवस आमच्या घरी पोचला, गोड लागला, आमच्या लक्षात आहे, एवढंच वाटीतून कळवतो.

चला, आता माझी वाटी भरा आणि झोपा. आज काय मिळालं, एकेकानं सांगायचं. केदार, तू सांग. खरवस? आणि माझा अर्धा चमचा, तोही धर. मुक्ता? वाटी द्यायला खाली गेलीस तेव्हा काकूंनी गालावर हात फिरवला, हो ना? मघाशी का नाही सांगितलंस, रुसण्यात राहून गेलं होय. ठमी? ठमी झोपली. बघा कशी, माझं बोट धरून झोपली आहे. ते माझ्या वाटीत.

भरली वाटी. आता डोळे मिटा.